एलिनोरची चाल

आबेलोने जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी तिच्या वाढदिवसाच्या जेवणाला होल्मस्ट्रुप घराण्यातलं कोणी उशिरा येत नसे. उशिरा येणाऱ्याबद्दल पुढच्या वर्षीच्या गाण्यात एक कडवं वाढे, आणि ते कडवं त्याला स्वतःलाच मोठ्याने गावं लागे.

लग्न असो, साठी असो, नाहीतर गलबताला नवा रंग दिलेला असो, स्वेनबोर्ग बंदरात जेवणाच्या टेबलावर त्या निमित्ताचं गाणं लागतंच. शब्द नवे, चाल सगळ्यांच्या ओळखीची. चालीचं नाव कागदाच्या माथ्यावर. कागद उघडला की समोर जे असेल ते शेवटच्या ओळीपर्यंत गायचं. मध्येच थांबणं म्हणजे पाहुण्याच्या हातातला घास काढून घेणं. गाणं संपलं की ज्याचं नाव त्यात आलं त्याने उठून, हसून, आभार मानायचे. आणि गाण्यात आलं ते झालं, त्यावर नंतर वाद नाही. पाले होल्मस्ट्रुपने आपण अमुक मुलीशी लग्न करणार हे पहिल्यांदा बहिणीच्या गाण्यातूनच ऐकलं होतं. नाही कसं म्हणायचं ते न सुचल्यामुळे तो चाळीसेक वर्षं सुखाने नांदला.

ती गाणी रचणारी बहीण म्हणजे रिग्मोर. वय सत्तरीपार, लग्न केलेलं नाही, आणि घराण्यातल्या प्रत्येकाची दोन कडवी तरी तिच्या डोक्यात कायम तयार.

यंदाच्या गाण्याचा मसुदा तिने जेवणाच्या दोन दिवस आधी भाच्याच्या बायकोकडे, एलिनोरकडे पाठवला. टंकून, सायक्लोस्टाइल करून, प्रत्येक कागदाची होडी करायची आणि ती ताटावर ठेवायची, हे एलिनोरचं काम. रचणारीने स्वतःच्या गाण्याचा कागद हातात धरायचा नसतो. रिग्मोरला सगळं पाठ असे.

एलिनोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर टंकत बसली होती, तेवढ्यात विगो मागे येऊन उभा राहिला.

"काय लिहिलंय आत्याने?"

"गाणं आधी कोणाला दाखवायचं नसतं."

"मी तुझा नवरा आहे."

"म्हणूनच."

विगो हसला आणि कोट चढवून लाकडाच्या वखारीकडे निघून गेला. हसण्याइतकी त्याची बाजू भक्कम होती. आबेलोनेच्या घराचे विश्वस्त चौघे: विगो, त्याची आई डाग्नी, पालेकाका आणि रिग्मोरआत्या. जेवणानंतर शेजारच्या खोलीत मतं घ्यायची होती, आणि तीन मतं विगोच्या खिशात होती. एकदा ठराव झाला की सोमवारी सुतार येणार होते आणि गाण्याच्या दालनात भिंती घालून चार खोल्या काढणार होते.

विगो काही दुष्ट माणूस नव्हता. तसा असता तर रिग्मोरला सोपं गेलं असतं. आबेलोने ही त्याची पणजी, जहाजमालकाची विधवा. गेल्या शतकात नवऱ्यामागे तिने हे घर बांधलं ते स्वतःच्या हातांवर जगणाऱ्या एकट्या बायकांसाठी: शिंपिणी, शिक्षिका, मोलकरणी. आत यायला आजही रांग होती. रांगेतली एक बाई धुण्याच्या खोलीवरच्या माळ्यावर राहते, हे एलिनोरनेच स्वतः जाऊन पाहून विगोला सांगितलं होतं. आणि घराच्या मधोमध एवढं मोठं दालन, तिथे काय, तर दर गुरुवारी संध्याकाळी म्हाताऱ्या बायका गातात.

पण ते दालनही आबेलोनेनेच बांधलं होतं, आणि घराच्या आधी. गावाला घर समजलं, दालन समजलं नाही. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या पोरींना नोटेशन वाचून काय करायचंय, असं पाद्रीसाहेबसुद्धा म्हणाले होते. आबेलोने म्हणाली, "गायचंय." त्यापलीकडे तिने कधी खुलासा केला नाही.

एलिनोर शेवटच्या कडव्यापर्यंत आली आणि तिची बोटं थांबली. तिने ते पुन्हा वाचलं. त्यात रिग्मोरआत्याने आपलं बिऱ्हाड देऊन टाकलं होतं. माडीवरच्या त्या तीन खोल्या, खिडकीत सगळी खाडी. घराण्यातल्या एका बाईला तिथे राहायचा हक्क आबेलोनेपासून चालत आलेला. तिथे भिंती घाला, तीन बायका राहतील. मी अंगणाकडच्या पेट्यांच्या खोलीत जाते. दालनाला हात लावू नका. तेही विगोचे आभार मानून, सगळ्यांच्या तोंडून.

मतांच्या टेबलावर हेच बोलली असती, तर विगो म्हणाला असता, छे छे, आत्याला पेट्यांच्या खोलीत घालून गावात तोंड कसं दाखवू? गाण्यात मात्र त्याला छे छे म्हणायला जागा नव्हती. एलिनोरला हसू आलं, आणि मग तिची नजर कागदाच्या माथ्यावर गेली. चाल: बेटांवरची वल्ह्यांची.

तिचं हसू मावळलं. ती चाल तिच्या सासूच्या, डाग्नीच्या लग्नातली. सासरे, हाराल्ड, गेले तेव्हा चर्चमध्येही तीच वाजली होती. त्यानंतर एकदा कोणाच्या तरी जेवणात बँडने ती धरली, आणि डाग्नी सुरी-काटा नीट जोडून ठेवून उठून गेली होती. जेवणात पहिल्याच ओळीला सासूबाई उठल्या, तर सगळं टेबल उठेल, आणि शेवटचं कडवं राहून जाईल.

एलिनोरने बराच विचार केला. वल्ह्यांच्या चालीचं कडवं चार ओळींचं, बँडवाल्यांच्या कवायतीच्या चालीचंही चार ओळींचं. तिने ओळी मोजल्या, आणि माथ्यावर टंकलं: चाल, कवायतीची. आपण सासूला दुःखातून आणि आत्याला फजितीतून वाचवलं, या समाधानात तिने होड्या केल्या. तिला सूर-ताल मुळीच कळत नसे. तिच्या माहेरी जटलंडमध्ये ऑर्गन वाजे आणि माणसं गप्प बसत.

जेवणाच्या दिवशी दालनाच्या उंच खिडक्या उघड्या होत्या. वरच्या टेबलाला होल्मस्ट्रुप मंडळी, खालच्या दोन लांब टेबलांना घरातल्या बायका, ठेवणीतल्या ब्लाउजांत. भिंतीवरून आबेलोने बघत होती. फोटो काढणाऱ्याने हसू नका म्हणून सांगितल्यासारखी.

डाग्नीने ताटातला हेरिंग मासा संपायच्या आतच आपली होडी मांडीवर घेऊन नॅपकिनखाली उघडली होती. असं करायचं नसतं. पण डाग्नी दरवर्षी करत असे, आणि गाणं सुरू झालं की पहिल्यांदाच वाचल्यासारख्या भुवया उंचावत असे. यंदा तिने वाचलं आणि तिच्या भुवया तिथल्या तिथेच राहिल्या.

माडीवरच्या त्या खोल्या रिग्मोरनंतर तिच्याकडे यायच्या होत्या. पडद्यांचं कापड तिने मनात केव्हाच ठरवून ठेवलं होतं. आणि ही रिग्मोर त्या खोल्या अशा वाटून टाकतेय, एका कडव्यात, कोणाला न विचारता.

"काय गं, चेहरा का असा?" शेजारून पालेने विचारलं. "वहिनी, हेरिंग खारट आहे का?"

"हेरिंग ठीक आहे. तुझी बहीण खारट आहे."

"ती लहानपणापासून. आईने मुरवताना अंदाज चुकवला."

टेबलाच्या त्या टोकाला विगो आत्याला वाढत होता. होल्मस्ट्रुपांच्या जुन्या वळणाप्रमाणे तो वडील बायकांना तोंडावर तू किंवा तुम्ही म्हणत नसे, नात्यानेच बोले.

"आत्याला आणखी बटाटे वाढू का?"

"आत्याला बटाटे नकोत. आत्याला हे दालन हवंय."

"आणि धुण्याच्या खोलीवर राहणारी बाई आत्याला चालेल?"

"नाही चालणार," रिग्मोर म्हणाली. "म्हणून तर आत्या गप्प जेवतेय."

विगोला हे उत्तर कळलं नाही, पण बरं वाटलं. आत्याने हार मानलेली दिसते. त्याला तिची दयाही आली, आणि तिच्या ताटात त्याने एक बटाटा वाढलाच.

मग कोणीतरी ग्लासावर चमचा वाजवला. होड्या उलगडल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या फ्रोकेन, म्हणजे कुमारी, आस्मुसेन पियानोवर बसल्या, कागदाच्या माथ्यावर नजर टाकली आणि कवायतीची चाल धरली.

ती ऐकताच रिग्मोरने मान वर केली. तोवर सगळे गायला लागले होते:

*आजोबांची सारी जहाजं कधीच बुडून गेली,*
*आजीने ही खोली बांधली, तेवढी तरून उरली.*

गायला लागले म्हणजे सुरुवात केली एवढंच. लांब पावलांच्या त्या ओळी कवायतीच्या तालावर अडखळत धावू लागल्या. 'जहाजं' दोन ठोक्यांत मावेना, 'तरून'ला ठोकाच उरेना. पालेने दोन शब्द गिळले, विगोने एक शब्द दोनदा म्हटला, एलिनोर खाली मान घालून लाल होत गेली. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीत वरचं टेबल अर्ध्यावर आणि खालची टेबलं तिसऱ्या शब्दावर होती. फ्रोकेन आस्मुसेन थांबल्या. मग एकेक करून सगळे थांबले.

आबेलोनेच्या जेवणात गाणं थांबलं असं आधी कधी झालं नव्हतं. 

रिग्मोरने चाल कोणती ते सांगितलं असतं तर काम झालं असतं. ती उठणारही होती. पण तिची नजर डाग्नीच्या मांडीवरच्या, नॅपकिनखालच्या घडीवर गेली, आणि तिने मनात हिशोब केला: हिने आधी वाचलं, हिला कडवं कळलं, हिने चाल बदलवून घेतली. नवऱ्याच्या कडव्यापायी हिला ती चाल सोसेल असं लिहिताना वाटलं होतं; पण आता आपण वल्ह्यांची चाल म्हणू आणि ही उठून जाईल. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या आठवणीवर पाय देऊन आपलं घोडं पुढे दामटायचं, एवढं काही आपल्याला जमायचं नाही. रिग्मोर बसून राहिली. 

"होतं असं कधीकधी," विगो उभा राहून मायेने म्हणाला. "आत्याचं गाणं आपण कॉफीनंतर निवांत म्हणू. आधी विश्वस्त मंडळी जरा आत..."

कॉफीनंतर म्हणजे मतांनंतर. एलिनोरने नवऱ्याची बाही धरली. ती काही बोलणार, एवढ्यात वरच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. जुना, वापरात नसलेला, पहिल्या स्वरावर करकरलेला.

*हाराल्डला ना सूर कळे, ना ताल कधीच कळला...*

डाग्नी बसल्या जागीच गात होती, समोरच्या मिठाच्या भांड्याकडे बघत. वल्ह्यांच्या चालीवर. शब्द त्या चालीत असे बसले, जशी होडी आपल्या खुंट्याला येऊन लागावी.

डाग्नीला ते कडवं वाचतानाच कळलं होतं की याला दुसरी चालच नाही. माथ्यावर कवायत लिहिलेली पाहून ती मनात हसलीही होती. रिग्मोर म्हातारी झाली, ताल चुकली. गाणं मोडलं तेव्हा तिला फक्त गप्प बसायचं होतं. खोल्या राहिल्या असत्या, मुलाचा ठराव झाला असता, आणि कोणी तिला बोल लावला नसता. पण कागदावर हाराल्ड अर्ध्या ओळीत अडकून पडला होता. आपला नवरा असा सगळ्यांसमोर अर्ध्यावर उभा, तेही या दालनात, हे तिला बघवेना.

*तरी दर गुरुवारी त्याचा पाय इकडेच वळला.*

आता फ्रोकेन आस्मुसेननी हलकेच पियानो धरला आणि खालची टेबलं मिसळली. गुरुवारच्या त्या बायका. त्यांनी नुसती चाल नाही उचलली, खालचा सूर खाली आणि वरचा वर असा वाटून घेतला, न सांगता, भाकरी मोडून द्यावी तसा. दालन भरलं. आबेलोनेने छत एवढं उंच का ठेवलं होतं, ते लाकडाच्या व्यापाऱ्याला, विगोला, पहिल्यांदाच समजलं.

*कोणासाठी वळला, ते मी सांगायची नाही,*
*सोप्रानोंच्या दुसऱ्या रांगेत विचारून या काही.*

खालून खसखस पिकली. विगोने आईकडे पाहिलं. आपली आई, दोरखंड वळणाऱ्याची मुलगी, जहाजवाल्यांच्या घरात कशी आली, हे त्याच्या घरात कधी बोललं जात नसे. ओळख कुठेतरी झाली, एवढंच. ती इथे झाली होती, वरच्या सुरात गाणाऱ्या सोप्रानोंच्या रांगेपाशी, तो चार खोल्या काढायला निघाला होता त्याच जागी. बहुधा तिसऱ्या खोलीत.

आणि गाणं आता कोणाचंच ऐकणार नव्हतं. मधली कडवी गेली, पालेच्या लग्नाचं गेलं, गेल्या वर्षी उशिरा आलेल्याचं गेलं, आणि हातातल्या कागदावर जे होतं ते विगो होल्मस्ट्रुप आपल्या भरदार आवाजात, समजायच्या आधीच, शेवटी जोडलेल्या दोन जादा ओळींसकट, गाऊन मोकळा झाला:

*आत्याच्या त्या तीन खोल्या, खिडकीत सारी खाडी,*
*एकटी बाई हिंडे त्यांत जशी रिकामी गाडी.*
*तिथेच विगो भिंती घालील, दारं करील छान,*
*आत्याला पुरे पेट्यांची खोली, गाण्याला गाण्याचं स्थान.*
*म्हणून आता उठून सारे विगोचे मानू आभार;*
*घरात आणखी बायका येतील, गुरुवार राहील गुरुवार.*

सगळे उठले. हुर्रा झालं: दोन आखूड, एक लांब. मग सगळे बसले आणि विगोकडे बघू लागले, कारण आता पाळी त्याची होती.

विगोने कागद पाहिला, आत्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आपण काय गायलो ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पोचत होतं.

"मला चार खोल्या हव्या होत्या," तो म्हणाला.

"गाण्यात तीन आहेत," पाले म्हणाला. "माझ्या गाण्यात बायको एकच होती. मी काही बोललो?"

दालनात हशा उसळला, आणि विगोही हसला. आधी नाइलाजाने, मग खरोखर. खांद्यावरचं एक ओझं आपण गेले कित्येक आठवडे वाहत होतो हे त्याला ते उतरल्यावर कळलं. धुण्याच्या खोलीवरची बाई आत येईल, आणि आत्याशी आयुष्यभराची अढीही पडणार नाही.

"मी आभार मानतो," त्याने ग्लास उचलला. "आत्याचे. आणि... आईचे."  तो बसला.

शेजारच्या खोलीतलं काम पेपर चाळावा इतक्या वेळात उरकलं. जुना ठराव विगोने मागे घेतला, नव्याला चौघांनी हात वर केले. डाग्नीचा हात सर्वांत शेवटी वर गेला, पण गेला.

बाहेर लाल बेरींची वाटी आणि साय फिरत होती. एलिनोर रिग्मोरसमोर येऊन उभी राहिली. "आत्या, चाल मी बदलली. सासूबाईंना त्रास होईल म्हणून. मी ओळी मोजून पाहिल्या होत्या."

रिग्मोरने तिच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की एलिनोर घाबरली.

"ओळी मोजून गाणं बसत असतं, तर पाले गवई झाला असता," ती म्हणाली. "ये, बस. साय घे. भरपूर घे."

डाग्नी खिडकीपाशी उभी होती. रिग्मोर वाटी घेऊन तिथे गेली. खाली खाडीतून एक बोट बेटांकडे चालली होती.

"मला वाटलं, चाल तू बदललीस," रिग्मोर म्हणाली.

"मी बदलली असती तर बसणारी बदलली असती."

"ते खरं."

"गाणं दोन कडवी लांब होतं."

"हो."

"आणि माझे पडदे गेले." डाग्नीने वाटी घेतली. "त्या तीनमधली एक खोली... तिचं कसं करायचं? रांगेत नाव द्यायचं?"

"द्यायचं. तुझ्या आधी धुण्याच्या खोलीवरची आहे."

"असू दे की. मी काही घाईत नाही." तिने एक चमचा खाल्ला. सायीखाली बेरी आंबट होत्या, हव्या तेवढ्याच. मागे फ्रोकेन आस्मुसेन पियानो बंद करत होत्या, आणि कोणीतरी अजून ती चाल गुणगुणत होतं. डाग्नी उठून गेली नाही.

"गुरुवारी अजून साडेसातलाच ना?" तिने खाडीकडे बघत विचारलं.

"साडेसातलाच. पण दुसऱ्या रांगेत आता जागा नाही, डाग्नी. तिथे पोस्टातल्या दोघी बसतात."

"मग पहिल्या रांगेत बसेन," डाग्नी म्हणाली. "हाराल्डला तेवढं जवळ पडेल."